काचेखालचा कागद

ओझरकडे जाणाऱ्या रस्त्याला भरतसरांची तपासणीची खोली आहे. बाहेर पाटी आहे, ‘माती, पाणी, पानदेठ आणि काडी तपासणी’. यातली माती, पाणी आणि पानदेठ सर बघत, काडी झुंबरबाई बघे. पाटीवर तिचं नाव नव्हतं. पण सप्टेंबर लागला की द्राक्षबागायतदार काड्यांची मोळी काखेत मारून यायचे, ते ‘बाई हायेत का?’ असं विचारतच यायचे.

ज्यानं द्राक्षं फक्त बाजारातून आणून खाल्ली, त्याला काडी बघणं म्हणजे काय हे सांगावं लागेल. वेलीच्या काडीवर ओळीनं डोळे असतात. येत्या हंगामाचा घड त्या डोळ्याच्या पोटात उन्हाळ्यातच तयार होऊन बसलेला असतो, मोहरीच्या दाण्याहून लहान. कुठल्या काडीत तो चौथ्या डोळ्यात असतो, कुठल्या काडीत सातव्या. छाटणीची कात्री त्याच्या खाली चालली तर घड काडीसकट बांधावर जाऊन पडतो आणि वेल नुसती पानं नि बाळ्या काढत बसते. बाळी म्हणजे तारेला वेटोळे घालणारा वेलीचा तंतू. ती दिसायला गोड, पण तिला बाजारात कोणी विचारत नाही. म्हणून छाटणीच्या आधी नमुन्याच्या काड्या आणायच्या, डोळे पात्यानं उभे चिरायचे, पातळ चकती काचपट्टीवर ठेवायची आणि सूक्ष्मदर्शकातून बघायचं. आत फुलकोबीसारखं टेंगळा-टेंगळांचं काही दिसलं तर घड. बारीक, दोन फाट्यांचं दिसलं तर बाळी.

चिरण्यात झुंबरबाईचा हात धरणारं कोणी नव्हतं. माहेर अवसरी बुद्रुकचं, तिथं लहानपणी चिंचा फोडून तयार झालेला तो हात होता. भरतसर कौतुकानं म्हणायचे, ‘बाईंनी चकती कापली की डोळ्याला कळत पण नाही.’

सूक्ष्मदर्शकाची गोष्ट मात्र जरा नाजूक होती. सरांनी तो अठरा वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका ओळखीच्याकडून जुना घेतला, नि स्कूटरवर पायांमध्ये धरून आणला. घाटात स्कूटर घसरली. सरांना खरचटलं, सूक्ष्मदर्शकाला वरून काही झालं नाही. पण आतलं भिंग कुठंतरी वाकडं झालं ते झालंच. तेव्हापासून उजवी बाजू स्वच्छ दिसे आणि डावीकडचं सगळं पसरट, ओल्या फडक्यावर हळदीचा थेंब पडावा तसं. दुरुस्तीवाल्यानं मान हलवली. सरांनी फर्मान काढलं, ‘जे दिसतंय ते दिसतंय. मशीनला कोणी हात लावायचा नाही.’

झुंबरबाईनं हात लावला नाही. तिनं फक्त कागद लावला.

झालं असं, की एकदा काचपट्टीच्या एका टोकाखाली काडीचं साल अडकलं आणि डावीकडचं एकदम बरं दिसायला लागलं. भिंग वाकडं आहे ना, मग काचही तेवढीच वाकडी ठेवायची. साल सुकलं की आकसतं, म्हणून तिनं लग्नपत्रिकेचा तुकडा घडी घालून त्या टोकाखाली सरकवला. त्यातही तिचा अभ्यास होता. गरिबाघरची पत्रिका पातळ पडे, पुढाऱ्याच्या घरची जाड. मध्यम घरची बरोबर बसे. दर वर्षी लग्नसराई उरकली की ती आलेल्या पत्रिका नखानं चाचपून एक निवडायची आणि तिचा तुकडा कमरेच्या बटव्यात, सुपारीशेजारी ठेवायची. काम करताना कागद काचेखाली, उठताना पुन्हा बटव्यात. सरांना अठरा वर्षांत पत्ता लागला नाही. सांगायचं तरी कसं? मशीनला हात लावू नको म्हणाले होते.

तरीसुद्धा डावीकडचं थोडं धूसर राहायचंच. ते ती मनानं भरून काढायची. इथं असं पसरलंय म्हणजे मुळात तसं असणार, हा अंदाज तिचा. तो अंदाज दर वर्षी बागेत खरा ठरे. पण मनात एक खडा कायमचा होता. आपल्याला खरंच दिसतं, की आपण नशिबानं बरोबर येतो? हे तिनं कोणाला विचारलं नव्हतं.

यंदा सरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि खोली त्यांच्या मुलीनं हाती घेतली. अश्विनी कॉम्प्युटर शिकलेली. पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करायची, नि उरलेल्या वेळात वडिलांचं. झुंबरबाईनं तिला दप्तर घेऊन शाळेत जाताना बघितलेलं, त्यामुळे तिला ती अजून ‘पोरी’च म्हणे.

पोरीनं पहिल्याच आठवड्यात सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा बसवला आणि चित्र कॉम्प्युटरच्या पडद्यावर आणलं.

‘मावशी, हे डावीकडे असं का हो?’

‘भिंग वाकडं हाय त्याचं. तुज्या बापानं घाटात पाडलं व्हतं.’

‘मग नवीन भिंग नको. हेच सुधारू, हिशोबानं.’ अश्विनीनं खुर्ची जवळ ओढली. ‘हे बघा. भिंग प्रत्येक ठिपका पसरवतं. पण रोज सारखाच पसरवतं ना? त्याची खोड ठरलेली आहे. एक अगदी बारीक उजेडाचा ठिपका त्याच्याखाली ठेवायचा, तो कुठं कसा पसरतो ते टिपून घ्यायचं. मग कॉम्प्युटर उलटा हिशोब करतो. एवढं पसरलंय, म्हणजे मुळात एवढंच होतं.’

हेच तर झुंबरबाई अठरा वर्षं करत होती. पण पडद्यापुढं ते बोलून दाखवायला तिची जीभ रेटेना.

‘आता मावशी, तुमच्या डोळ्यांना ताण नको,’ अश्विनी पुढे म्हणाली, ‘तुम्ही फक्त चकत्या कापायच्या.’

पोरीनं ते मायेनंच म्हटलं होतं. पण ‘फक्त’ हा शब्द झुंबरबाईला पायात काटा मोडावा तसा लागला. बघणारी ती होती. कापणारी कोणीही मिळते.

तरी अडलं तेव्हा तीच कामाला आली. एवढा बारीक ठिपका आणायचा कुठून? सुईचं भोक मोठं पडे. झुंबरबाई म्हणाली, ‘काजळ धर की.’ तिनं तुपाचा दिवा लावला आणि कोरी काचपट्टी ज्योतीवर काळी होईपर्यंत फिरवली. उजेडासमोर धरली तर काळ्या काजळीत मध्येमध्ये चुकार भोकं राहिलेली, चांदण्या असाव्यात तशी. अश्विनी खूश झाली. ‘मावशी, हे तर विकत मिळतं त्याच्यापेक्षा भारी आहे.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनची परीक्षा होती. झुंबरबाई अर्धा तास आधीच आली. घरी पावणे येणार म्हटल्यावर बाई काय करते? आवरते. कोपऱ्यातला पसारा पलंगाखाली ढकलते. झुंबरबाईनं सूक्ष्मदर्शक ओल्या कापडानं पुसला, बैठक झटकली, आणि रोज काचपट्टीच्या टोकाखाली जाणारा तो कागद बटव्यातून काढलाच नाही. पोरीच्या कॅमेऱ्यासमोर असली जुगाडं कशाला दाखवायची? काजळीची काच सपाट बसली. कॉम्प्युटरनं ठिपके टिपले, डावीकडचे चांगलेच पसरलेले, आणि भिंगाची खोड शिकून घेतली.

आणि मग काम सुरू झालं. काम सुरू झाल्यावर हात आपोआप बटव्याकडे जातो, तसा तो गेला.

पहिली मोळी आली ओझरच्या नदीकाठच्या संपतभाऊंची. संपतभाऊ म्हणजे हौशी माणूस. बागेला शर्टाची इस्त्री मोडू न देता पाणी देणारा. झुंबरबाईनं डोळे चिरले, अश्विनीनं बटण दाबलं, आणि पडद्यावर जे आलं ते बघून संपतभाऊ खुर्चीवरून उठलेच. सगळे डोळे भरलेले. चौथ्यापासून घड. काही डोळ्यांत तर एकाला लागून दुसरा.

‘आयला, लई भारी,’ संपतभाऊ म्हणाले. ‘मंग चौथ्यावरच घेतो कात्री. आखूड काडी, बाग आटोपशीर. उद्या सकाळी टोळी येतेय छाटायला. पंचवीस माणूस हाय.’

झुंबरबाई पडद्याकडे बघत राहिली. चौथ्या डोळ्यात तिला बाळी दिसत होती. बारीक, दोन फाट्यांची, ओळखीची. फक्त तिच्या अंगावर गोलगोल टेंगळं आली होती, नि त्यामुळे ती घडासारखी दिसत होती.

‘भाऊ, मला चवथा रिकामा वाटतोय,’ ती म्हणाली.

‘कुठला?’ अश्विनीनं बोट फिरवलं. ‘हा तर सगळ्यात स्पष्ट आहे, मावशी.’

‘आक्का, तुमचे डोळे आता साठीला आले,’ संपतभाऊ हसले. ‘मशीनला काय म्हातारपण न्हाई.’

दोघांच्याही बोलण्यात खोट नव्हती. पण यापुढे तोंड उघडलं तर म्हातारीला मशीनचा मत्सर वाटतो असंच म्हणणार, हे झुंबरबाईला कळत होतं. संपतभाऊ रिपोर्टाची वाट बघत बाहेर चहा घ्यायला गेले, आणि अश्विनी छापायला बसली.

झुंबरबाई उठली आणि पडद्यावरची चित्रं एकेक करून पुन्हा बघू लागली. तिसरा डोळा, चौथा, पाचवा. दुसरी काडी, तिसरी काडी. आणि तिच्या लक्षात आलं की टेंगळं सगळी डावीकडेच आहेत. उजवीकडे एकही नाही. द्राक्षाला काय डाव्या-उजव्याची पडलीय? वेल काय पंगतीत बसलीय, की डावीकडे चटणी वाढायची?

तिनं चौथ्या डोळ्याची चकती असलेली काच उचलली, उलटी फिरवून ठेवली, आणि सवयीनं टोकाखाली कागद सरकवला. पडद्यावर बाळी डावीकडून उजवीकडे गेली. टेंगळं मात्र तिच्याबरोबर गेली नाहीत. ती डावीकडेच थांबली, आता दुसऱ्याच कशाला तरी चिकटून.

तिच्या बोटांत कागद होता. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि तिला सगळं उमगलं. काजळीच्या वेळी कागद नव्हता. आता आहे. कागदानं अर्धं काम आधीच केलेलं, आणि कॉम्प्युटरला ते माहीतच नाही. तो बिचारा न पसरलेलंही पसरलेलं समजून ओढून घेतोय, नि त्या ओढीनंच कडेला टेंगळं उठताहेत. मीठ घातलेल्या आमटीत दुसऱ्या सुनेनं पुन्हा मीठ टाकावं, तसं झालं होतं.

आता खरी गंमत. ती गप्प बसली असती तर? पंधरा-वीस दिवसांत संपतभाऊंच्या बागेत नुसत्या बाळ्या निघाल्या असत्या. मशीन तोंडावर पडलं असतं. पुन्हा ‘बाई हायेत का?’ सुरू झालं असतं आणि कागदाची गोष्ट बटव्यातच राहिली असती. खोटं कशाला बोला, हा विचार तिच्या मनात आला. चांगला दोन घोट चहा प्यायला लागतो तेवढा वेळ तो राहिला. मग तिला संपतभाऊंची बाग आठवली. एकदा छाटलेली काडी कोणी पुन्हा चिकटवत नाही.

‘पोरी, छापू नको,’ ती म्हणाली. ‘माझी चूक झालीय.’

तिनं घडी उलगडून कागद टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. घाटातली स्कूटर, काडीचं साल, अठरा पत्रिका, आणि मशीनच्या परीक्षेला तिनं केलेली आवराआवर. ‘तुज्या बापानं हात लावू नको सांगितलं व्हतं. मी लावला.’

अश्विनीनं तो कागद उचलला, दोन बोटांत चाचपला. मग सूक्ष्मदर्शकाजवळ गेली, कागद घालून बघितलं, काढून बघितलं, पुन्हा घातला. झुंबरबाईला वाटलं, आता रागवणार.

‘मावशी,’ ती शेवटी म्हणाली, ‘तुम्ही हे एकटीनं शोधलंत?’

‘शोधलं कसलं. साल अडकलं व्हतं.’

‘साल सगळ्यांच्याच अडकतं.’

तेवढ्यात संपतभाऊ आत आले आणि त्यांची नजर टेबलावर गेली. ‘हे आमच्या शीतलच्या लग्नाच्या पत्रिकेचं दिसतंय. हा गणपती आमीच निवडला व्हता. याचं काय चाललंय इथं?’

झुंबरबाईनं त्यांनाही सांगितलं. पत्रिका मध्यम घरची लागते हे मात्र गाळलं. माणसाचं मन मोडू नये.

‘म्हंजे चवथ्यात घड न्हाई?’ संपतभाऊ खाली बसले.

‘अर्ध्या तासात सांगते,’ अश्विनी म्हणाली. मग तिनं झुंबरबाईला विचारलं, ‘कागद ठेवून परत शिकवू मशीनला, की काढून टाकू? तुम्ही सांगाल तसं.’

हे विचारलं गेलं, तिथंच झुंबरबाईच्या पायातला काटा निम्मा निघाला. कागद ठेवला तर तो दर वर्षी बदलणार, जाड-पातळ होणार, आणि बटवा विसरला की पुन्हा हाच घोळ.

‘काढून टाक,’ ती म्हणाली. ‘त्याला सगळं वाकडंच दिसू दे. रोज सारखं वाकडं दिसलं तर त्याला बरं.’

काजळीची शिकवणी सपाट काचेवरचीच होती, ती तशीच चालणार होती. चकत्या तेवढ्या पुन्हा सपाट ठेवायच्या होत्या. झुंबरबाईनं नवी काडी घेतली आणि चौथा डोळा चिरला. काच ठेवली. हात बटव्याकडे गेला, तो तिनं मांडीवर आणून ठेवला.

आधी पडद्यावर नुसतं चित्र आलं, डावीकडे पार पसरलेलं, अठरा वर्षांपूर्वीसारखं. मग अश्विनीनं बटण दाबलं. डावी बाजू हळूहळू गोळा झाली. चौथ्या डोळ्यात बाळी होती, दोन फाट्यांची, कडेला काही नाही. पाचव्यातही बाळी. सहाव्यात घड. सातव्यात घड, टपोरा, एकेक टेंगूळ मोजून घ्यावं असा.

झुंबरबाई चष्मा वर करून पडद्याच्या जवळ गेली. अठरा वर्षं तिनं जे अर्धं बघितलं होतं आणि अर्धं मनानं भरलं होतं, ते पूर्ण समोर होतं. ते अगदी तसंच होतं. ती मनात काढायची त्याच जागी फाटा, त्याच जागी फुगवटा. तिला एकदम भरून आलं, आणि ती पदरानं चष्मा पुसत राहिली, चष्मा स्वच्छ असूनही.

‘सातव्यावर कात्री,’ ती संपतभाऊंना म्हणाली. ‘सहावा-सातवा फुटू दे.’

‘आक्का, तुमी आदीच म्हणत व्हता, चवथा रिकामा,’ संपतभाऊ म्हणाले. ‘आन् मी तुमच्या डोळ्यांवर हसलो.’

‘हसलात तर हसलात. तुमच्याच पोरीच्या पत्रिकेनं घोळ घातला. फिटलं.’

दुसऱ्या दिवशी टोळी आली आणि सातव्यावर छाटून गेली. अठराव्या दिवशी संपतभाऊंनी दोघींना बागेत बोलावलं. कुकडी नदीच्या काठानं सकाळचं ऊन पडलेलं, आणि ओळीच्या ओळी कोवळ्या, पोपटी. प्रत्येक फुटीवर एक-एक घड, अजून मिशीएवढा, वर तोंड करून उभा. झुंबरबाई ओळीत चालत गेली नि बोटानं पानं बाजूला करत बघत राहिली.

बांधाकडच्या शेवटच्या वेलीपाशी संपतभाऊ थांबले. ती एकच त्यांनी मुद्दाम चौथ्यावर छाटली होती.

‘म्हणलं, बगू तरी पहिला रिपोर्ट काय म्हणत व्हता ते.’

वेल चांगली माजली होती. पानं तळहाताएवढी. आणि फुटी-फुटीवर बाळ्या. तारेला पकडायला निघालेल्या, लांब, लुसलुशीत. घड एकही नाही.

अश्विनीनं एक बाळी बोटावर घेतली. ती दोन फाट्यांची होती.

‘मावशी, आता रिपोर्टात दोन सह्या करू,’ ती म्हणाली. ‘खाली माझी. वर, तपासणारी म्हणून तुमची. तुम्ही बघितल्याशिवाय मी बटण दाबणार नाही.’

‘माझी सही लई वाकडी येती, पोरी.’

‘येऊ दे. रोज सारखीच वाकडी येते ना?’

झुंबरबाई हसली. मग तिनं बटवा उघडला, शीतलच्या पत्रिकेचा तो घडी घातलेला तुकडा काढला आणि संपतभाऊंच्या हातावर ठेवला. सुपारी तेवढी परत आत टाकली.